सुट्टीतल्या फिरण्याची चित्रवही: लेकरांसोबत कशी सुरू करायची आणि मधेच बंद कशी पडू द्यायची नाही

आमच्या घरात आज चार चित्रवह्या आहेत आणि त्यातली पहिली वही तीनच पानांवर बंद पडलेली आहे. सगळ्यात महाग तीच. ए-थ्री साइजची, जाड कागदाची, कव्हरवर सोनेरी अक्षरं, दुकानदारानं समोर ठेवली आणि मी भाळले. तुळजापूरला जाताना गाडीत ती वही मांडीवर मावेना, थोरलीचं कोपर धाकट्याला लागायलं म्हणून भांडण, यांनी ब्रेक मारला की पेन्सिल भलतीकडंच, आणि देवळाबाहेर वही उघडली तर लोक वाकून बघायले म्हणून दोघंही लाजून चूर. झालं, वही कपाटात गेली. पुढच्या उन्हाळ्यात हातात मावेल एवढी साधी वही घेतली आणि ती जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत पार शेवटच्या पानापर्यंत भरली. तेव्हापासून काय जमलं, काय फसलं ते सगळं इथं लिहायलेय, कारण सुट्ट्या लागल्या की दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच की लेकरांचा मोबाईल कसा सोडवायचा.

आधी हे की चित्रकला यायची गरज नाही, हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. आमच्या घरात सगळ्यात चांगलं चित्र सासूबाई काढतात आणि त्यांनी आयुष्यात ब्रश धरलेला नाही. त्यांना रांगोळी येते. वेरूळला जाऊन आल्यावर थोरली रडकुंडीला आली होती, देऊळ एका बाजूला कलतंय म्हणून, तर त्या म्हणाल्या, "अगं आधी ठिपके मांड की बाई, ठिपक्याबिगर कुठं रांगोळी येती व्हय?" त्या दिवसापासून आमची सगळी वही ठिपक्यांवर चालते. ते कसं ते पुढं सांगते, आधी सामान.

वही आणि पिशवी

वही ए-फाइव्ह साइजची घ्या, म्हणजे साधारण १५ बाय २१ सेंटीमीटर, शाळेच्या लहान वहीएवढी. नुसती पेन्सिल आणि पेन वापरणार असाल तर १२० ते १५० जीएसएमचा (हा कागदाच्या वजनाचा आकडा, जेवढा जास्त तेवढा कागद जाड) कागद पुरतो, पाण्याचे रंग लावायचे असतील तर २०० च्या पुढचा बघा, ३०० जीएसएमचा असेल तर उत्तमच पण मग पानं कमी आणि किंमत जास्त, आणि महाग पानावर लेकरं हात आखडतात. (मोठी माणसं तर त्याहून आखडतात.) पुठ्ठा मात्र कडक हवा, कारण गडावर टेबल कोण देणार. स्पायरलवाली वही मागं पूर्ण दुमडते, उभ्यानं काढायला सोपी जाते.

दोन लेकरं असतील तर दोन वह्या. एकाच वहीत आलटून पालटून हा प्रयोग आम्ही दोन दिवस केला, परत करणार नाही. फक्त प्रत्येक वहीची शेवटची चार पानं पाहुण्यांसाठी ठेवा, आजी, मामा, आत्या, जो कुणी सोबत येईल त्यानं तिथं काहीतरी काढायचं. नाही म्हणायची सोय नाही.

पिशवीत हे असतं: एक एचबी आणि एक टूबी पेन्सिल, डबीवालं शार्पनर (कचरा बाहेर पडत नाही), निळा किंवा काळा बॉलपेन, १२ रंगांची पाण्याच्या रंगांची वड्यांची पेटी, सहा नंबरचा एक गोल ब्रश, घट्ट झाकणाची छोटी बाटली, कपड्यांचे दोन चिमटे आणि एक ग्लू स्टिक. चिमटे वारं सुटलं की पान धरायला. आणि एक जुना सुती मोजा, पुढून कापून मनगटात घालायचा, ब्रश त्यालाच पुसायचा. लेकरांना मोज्याचं फार अप्रूप वाटतं, ड्रेसवर रंग कमी येतो हा आपला फायदा.

खोडरबर मी घरीच ठेवते. खोडरबर दिला की अर्धा तास खोडण्यातच जातो. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि शेजारी दुसरी काढायची.

दोन गोष्टी अनुभवानं सांगते. मेणाचे क्रेयॉन मे महिन्यात गाडीत ठेवू नका. पैठणला दुपारी गाडी उन्हात लावून आम्ही जेवायला गेलो, परत आलो तर बारा रंगांचा एक लाडू झालेला, सीटवर अजून डाग आहे. आणि पेननं काढून वर पाण्याचे रंग लावणार असाल तर पेन आधी घरी तपासा, कागदावर रेघ मारा, पाच मिनिटं थांबा, ओलं बोट फिरवा, शाई पसरली की तो पेन फक्त लिहायला. साधा बॉलपेन सहसा पसरत नाही, जेल पेन बरेचदा पसरतात.

पहिलं पान घरापाशीच

पहिलंच चित्र अजिंठ्याला जाऊन काढायचं ठरवाल तर फसाल. वहीचं पहिलं कोरं पान फार घाबरवतं, त्यामुळं ते सुट्टी लागायच्या दिवशी घरीच खराब करून टाका. आम्ही गंजगोलाईचा, म्हणजे आमच्या लातूरच्या गोल बाजारपेठेचा, नकाशा काढतो. लातूरकरांना हे आयतंच आहे, मधे एक गोल, त्याला येऊन मिळणारे १६ रस्ते, सूर्य काढल्यासारखं दिसतं आणि कुणाचंही चुकत नाही. मग आपला रस्ता कुठला, भाजी कुठं, बांगड्या कुठं, रसवंती कुठं हे लेकरांनी आठवून लिहायचं. तुमच्या गावात गोलाई नसेल पण बसस्टँड ते घर हा रस्ता आहेच की. नकाशाचं एक बरं असतं, तो हुबेहूब दिसावा असं कुणाला वाटत नाही.

दहा मिनिटांची बैठक

आता मुख्य काम. कुठंही गेलं तरी आमचा नियम एकच, एका ठिकाणी एकदा दहा मिनिटं बसायचं. मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावते मी. गजर झाला की वही बंद, अर्धवट असली तरी. लेकरं "अजून पाच मिनिटं" म्हणायला लागली की समजा गाडी रुळावर आली. तासभर बसवलंत तर दुसऱ्या दिवशी वहीचं नाव काढणार नाहीत.

आधी सावली शोधा. सावलीतून उन्हातली गोष्ट बघायची, उलटं नाही, कारण पांढऱ्या कागदावर ऊन पडलं की डोळे दिपतात आणि रंग कळत नाही. पहिलं एक मिनिट पेन्सिल खाली. नुसतं बघायचं आणि प्रत्येकानं आपली एक गोष्ट निवडायची. अख्खा किल्ला नाही, एक बुरूज. अख्खी जत्रा नाही, एक फुगेवाला.

मग ठिपके. वस्तूचं सगळ्यात वरचं टोक, सगळ्यात खालचं, डावं आणि उजवं, असे चार ठिपके पानावर मांडायचे. एवढ्यानंच चित्र पानाबाहेर जायचं थांबतं, नाहीतर लेकरं वरून सुरू करतात आणि पायाला जागाच उरत नाही, हे प्रत्येक घरात होतं. उंची-रुंदीचा मेळ बसवायला पेन्सिल धरायची: हात सरळ ताठ, कोपर वाकवायचं नाही, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत रुंदी मोजायची आणि तीच पेन्सिल उभी करून उंचीत किती वेळा बसते ते बघायचं. दोन वेळा बसली तर पानावर पण दुप्पट. धाकटा सात वर्षांचा होता तेव्हापासून हे करतो, त्याला ती बंदूक वाटायची.

चार ठिपक्यांच्या आत मोठा आकार, चौकोन, गोल, त्रिकोण जे दिसेल ते. मग अजून ठिपके, दार कुठं, खिडकी कुठं, कमानीचं टोक कुठं. कमान, घुमट, कळस असल्या दोन्हीकडं सारख्या गोष्टींना मधून एक फिकट उभी रेघ मारायची आणि रेघेच्या डावीकडं जेवढ्या अंतरावर ठिपका तेवढ्याच अंतरावर उजवीकडं. ही तर रांगोळीच झाली. शेवटी डोळे किलकिले करून बघायचं, जो भाग काळा दिसतो तिथं पेन्सिल आडवी घासायची. बारीक नक्षी फक्त एकाच कोपऱ्यात काढा, बाकी सोडून द्या, बघणारा आपोआप समजून घेतो.

उरलेल्या मिनिटात लिहायचं. तारीख, वेळ, गाव, सोबत कोण, आणि एक गोष्ट जी चित्रात येत नाही, वास किंवा आवाज किंवा कुणीतरी बोललेलं वाक्य. "खूप मजा आली" हे वाक्य आमच्याकडं बंद आहे. त्याच्याऐवजी धाकट्यानं औसा किल्ल्यात लिहिलंय, "वटवाघळाचा वास येतो, पप्पा म्हणले नाही येत, पण येतो."

कुठं काय काढायचं

वेरूळला मंगळवारी जाऊ नका, बंद असतं, अजिंठा सोमवारी बंद. आम्ही एकदा लातूरहून एवढं लांब जाऊन मंगळवारी दारात उभे राहिलोय, त्या दिवशीचं चित्र कुलपाचं आहे.

वेरूळात एकूण ३४ लेणी आहेत, सगळी काढायच्या भानगडीत पडू नका, १६ नंबरला, म्हणजे कैलासला, दोन बैठका करा. एक आत अंगणात. तिथं दोन्ही बाजूंना उंच ध्वजस्तंभ आहेत, एक स्तंभ म्हणजे उभ्या रेघेवर ठिपके मांडायचा सराव. सोंड तुटलेला मोठा हत्ती लेकरांना आवडतोच, आणि देवळाच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे, जणू त्यांनीच देऊळ पाठीवर घेतलंय, तर त्यातला एकच हत्ती नीट काढायचा आणि बाकीचे नुसते पाठीच्या रेघेनं. दुसरी बैठक वर, बाजूच्या डोंगरावरून. हे देऊळ रचलेलं नाही, वरून खाली कातळ फोडत कोरत आणलंय, हे वाचून कळत नाही पण वरून चित्र काढताना कळतं, कारण पहिला ठिपका कळसाला द्यावा लागतो आणि तिथूनच खाली उतरावं लागतं, त्या कारागिरांसारखंच. लहान लेकरांना कडेपासून लांब बसवा आणि तुमची पाठ दरीकडं असू द्या, त्यांची नको.

अजिंठ्याला शेवटचे काही किलोमीटर आपली गाडी सोडून बसनं जावं लागतं, म्हणून पिशवी हलकी ठेवा. लेण्यांच्या आत उजेड कमी असतो आणि चित्रं नाजूक आहेत, तिथं रंग, पाणी, पेन काही काढू नका, फक्त पेन्सिल, आणि गर्दी असेल तर तेही नाही, बाहेर येऊन आठवून काढा. आठवून काढण्यात पण मजा आहे, एकच भिंत बघून थोरलीला हंस आठवले आणि धाकट्याला एका माणसाची टोपी. खरी बैठक समोरच्या बाजूला, वाघोरा नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा आणि त्यात दारांची रांग. एक वाकडी रेघ आणि त्यावर ठिपके, अजून काय.

तिथं लेकरांना एक गोष्ट सांगावी. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, त्याला ही लेणी दिसली आणि त्यानं १० नंबरच्या लेण्यात खांबावर स्वतःचं नाव खरडलं. धाकटा लगेच म्हणाला, त्याच्याकडं वही नव्हती का. पुढं रॉबर्ट गिल या माणसानं १८४४ पासून कित्येक वर्षं इथं राहून भिंतीवरच्या चित्रांच्या नकला केल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले, १८७२ पासून परत सगळं काढलं, आणि त्यातल्याही बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. हे ऐकून थोरलीनं त्याच संध्याकाळी वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. तुम्ही पण काढा, पान झालं की लगेच, सावलीत वही सपाट ठेवून वरून सरळ.

पैठणला जायकवाडीच्या धरणावर दरवाजे मोजून काढायचे, २७ आहेत, एका पानावर मावत नाहीत, म्हणून दोन पानं जोडून आडवी पट्टी करा. बीडला कंकालेश्वराचं देऊळ पाण्याच्या मधोमध आहे, पाणी असेल तर आडव्या रेघेच्या खाली तेच ठिपके उलटे मांडले की प्रतिबिंब तयार. नळदुर्ग मे महिन्यात काढाल तर बुरूज आणि भिंतीच, नर-मादी धबधबे बघायचे तर बोरी नदीला पाणी हवं, पावसाळ्यात एखाद्या रविवारी ती दोन पानं वेगळी काढा. नांदेडला हुजूर साहिबला आम्ही आत वही काढली नाही, डोक्याला रुमाल बांधून दर्शन घेतलं, लंगर घेतला आणि बाहेर अंगणात कडेला बसून घुमट काढला.

मामाचं शेत पण ठिकाणच आहे हे विसरू नका. मे महिन्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा काढायला जेवढी मजा येते तेवढी महालाला येत नाही.

हलणारी माणसं, शेळ्या आणि ताट

माणसं पाठमोरी काढा. दर्शनाच्या रांगेत नुसत्या पाठीच पाठी असतात, टोपी, फेटा, पदर, खांद्यावरचं लेकरू, आणि रांग हळू सरकते म्हणून वेळही मिळतो. समोरून चेहरा काढायचा असेल तर विचारून काढा, आपल्याकडची म्हातारी माणसं खुशीत बसतात, वर "माझं नाक एवढं हाय का रं?" म्हणतात. शेळी, कुत्रं हलणारच, तर आधी पाठीची एक रेघ, मग डोकं, पाय सगळ्यात शेवटी. हलली की ते चित्र सोडून शेजारी दुसरं. एका पानावर सहा अर्धवट शेळ्या छान दिसतात.

खाण्याची पानं आमच्याकडं सगळ्यात जास्त आहेत. ताट वरून काढायचं म्हणजे नुसते गोल, भाकरीचा मोठा, वाट्यांचे छोटे. सकाळच्या सुशील्याचं (मुरमुऱ्याचा नाश्ता) पान, धपाटे आणि शेंगाची चटणी, बाजूला बाण करून काय कुणी केलं, किती खाल्लं. अट एवढीच की पहिला घास घ्यायच्या आधी ठिपके मांडून घ्यायचे, बाकी जेवल्यावर, गार झालेलं कुणाला चालत नाही.

रंग

मे महिन्यात आपल्याकडं हवा एवढी कोरडी असते की रंग कागदाला लागताच वाळतो आणि कडेला पट्टे पडतात. म्हणून जिथं रंग द्यायचा तिथं आधी साध्या पाण्याचा ब्रश फिरवायचा, मग रंग सोडायचा, आणि एका वेळी हाताच्या तळव्याएवढाच भाग. कागद वळायला लागला की चिमटे.

पेटीतला हिरवा थेट लावू नका, प्लास्टिकच्या कुंडीसारखा दिसतो. कडुनिंब उन्हाळ्यात धुळीचा असतो, तर हिरव्यात पिवळा आणि कणभर लाल मिसळा. आणि लेण्याचा दगड काळा रंगवला तर भोक पडल्यासारखा दिसतो, तपकिरीत निळा मिसळून करडा करा, उन्हाकडं तपकिरी जास्त, सावलीत निळा जास्त. गुलमोहर मात्र पेटीतल्या लालनंच रंगवा, तो खरंच तसाच असतो.

एक प्रयोग जरूर करा. अजिंठ्यातले बरेचसे रंग दगडमातीचे आहेत, लाल आणि पिवळी गेरूसारखी माती, काळ्याला काजळी. आम्ही प्रवासात जिथं थांबू तिथली चिमूटभर माती कागदाच्या पुडीत घेतो, लाल मुरूम, पांढरी माती, आपली काळी. घरी कापडातून चाळायची, बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून गाळायचा आणि चमचाभर डिंकाच्या पाण्यात माती कालवायची. त्याच मातीनं त्या गावाचं पान रंगवायचं. डिंक कमी पडला तर वाळल्यावर माती झडते, जास्त झाला तर पान चिकट होतं, एक-दोनदा चुकेल.

उन्हाचं गणित आणि रात्रीचं काम

बेचाळीस डिग्रीत दुपारी कुणाकडून चित्र होत नाही. आमची एक बैठक सकाळी नऊच्या आत, दुसरी पाचनंतर, मधला वेळ जेवण, झोप आणि गाडी. चालत्या गाडीत काढू देऊ नका, उलट्या होतात, तिथं फक्त मोजणी, किती उसाचे ट्रॅक्टर, किती देवळं, ते आकडे नंतर वहीत.

रात्री मुक्कामी झोपायच्या आधी पंधरा मिनिटं वही परत उघडायची. रंग राहिले असतील तर ते, तिकिटं ग्लू स्टिकनं चिकटवायची (पातळ डिंकानं पान फुगतं), फुलं-पानं मात्र आधी रद्दीच्या कागदात आठवडाभर दाबून वाळवा, ओली चिकटवली की बुरशी येते. तिकिटावरची छपाई काही महिन्यात उडून जाते, म्हणून रक्कम आणि तारीख शेजारी पेननं लिहून ठेवा.

रेघा मात्र जागेवरच काढायच्या, एवढं मी लावून धरते. घरी येऊन फोटो बघून काढलेली पानं आमच्या वहीत आहेत दोन-तीन, दिसायला चांगली आहेत, पण त्यांच्या शेजारी लिहायला लेकरांना काही सुचलं नाही.

चित्राची तुलना करू नका, "ताईचं बघ कसं आलंय" हे एक वाक्य आठ दिवसांची बैठक मोडतं. कुणाला काढायचंच नसेल तर त्या दिवशी त्यानं गजर सांभाळायचा आणि लिहायचं काम करायचं. आणि तुम्ही स्वतः काढा, नुसतं "काढा रे" म्हणून मोबाईल बघत बसाल तर लेकरं दोन दिवसांत ओळखतात. यांनी पहिल्या वर्षी काढलेला देवगिरीचा किल्ला पाहुणे आले की अजून बाहेर निघतो, डोकं उशीवर ठेवून झोपलेल्या म्हशीसारखा दिसतो, आणि त्यांच्यामुळंच धाकट्याची भीड मोडली.

वही भरली की पाठीवर जाड पेननं वर्ष आणि गावांची नावं लिहा, वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून कपाटात सोबत ठेवा म्हणजे कसर लागत नाही, आणि वही आडवी ठेवा, उभी ठेवली की चिकटवलेल्या तिकिटांच्या वजनानं पानं सुटतात. पाहुण्यांची चार पानं कोरी राहिली असतील तर दिवाळीला सगळे जमतातच, तेव्हा भरून घ्या. आमच्या या वर्षीच्या वहीत एक पान शिल्लक आहे आणि ते मामानं काढायचंय, तो दोन महिने झाले "येतो, येतो" म्हणायलाय.